पीएफचे पैसे काढू नकोस

सोलापूर, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जर्मनीत पगारातला पाचवा हिस्सा विम्यातच जाणार, टॅक्स वेगळा." तुझा हिरमोड मला कळला. रात्री दादाला जवळ बसवून त्याच्या मोबाईलवर सगळं वाचून घेतलं.

तिथे पेन्शनसाठी पगाराच्या १८.६ टक्के भरावे लागतात, त्यातले निम्मे तुझं तिथलं हॉस्पिटल भरेल. आजारपण, बेकारी आणि म्हातारपणातली शुश्रूषा यांचं ओझंही दोघांत वाटलेलं. कामावर अपघात झाला तर त्या विम्याचा पूर्ण हप्ता मालकाचा, तुझा एक पैसाही नाही. पाच वर्षं भरलीस की तिथली पेन्शन तुझ्या हक्काची. हे पैसे गेले असं समजू नकोस, बाळा. (त्या आरोग्य विम्यात आईवडिलांचं नाव बसत नाही. आमची काळजी करू नकोस, आमचं इथे भागतं.)

मला खरं सांगायचंय ते पुण्यातल्या तुझ्या सहा वर्षांच्या नोकरीबद्दल. पीएफ काढून तिकीट आणि डिपॉझिट भागवू, असं म्हणालीस ना? पीएफमधल्या पेन्शनच्या पैशाला हात लावू नकोस.

१९९५ ला पीएफची पेन्शन योजना आली. पुढच्या वर्षी मी चादरीच्या कारखान्यात लागलो. आठ वर्षांनी मालकाने माग विकले. कारखान्याचा हिशेब बघणारे मेहताजी म्हणाले, फॉर्म भरा, सगळे पैसे घेऊन टाका. मी घेतले, घरावर स्लॅब टाकला. दुसऱ्या कारखान्यात सात वर्षं झाली, तिथेही तेच केलं. पंधरा वर्षं माग चालवला, पण पेन्शनला लागतात दहा, आणि माझी खात्यावर उरली शून्य. तेव्हा भरलेल्या त्या '१०-सी' नावाच्या फॉर्मची झेरॉक्स अजून पत्र्याच्या पेटीत आहे, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली. त्यात दोन रकाने होते: पैसे काढणे किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेल्या वर्षांचा दाखला. सर्टिफिकेट घेतलं असतं तर वर्षं पुढे जोडली गेली असती. ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तुझं नशीब माझ्याहून चांगलं. भारत आणि जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पात्रता बघताना दोन्हीकडची वर्षं जोडतात, आणि ज्या देशात जेवढी भरली तेवढ्याची पेन्शन तो देश देतो. म्हणजे इथली सहा वर्षं तिथल्या वर्षांच्या जोडीने दहाच्या पुढे जातील. पण पैसे उचललेस तर ती सहा गेली.

डिपॉझिटचं मी बघतो. पतसंस्थेतली ठेव पुढच्या महिन्यात सुटते.

तू एवढंच कर. यूएएन, म्हणजे तुझ्या पीएफ नंबरचं ऑनलाइन खातं, उघडून जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, आणि पहिल्या हॉस्पिटलने नोकरी सोडल्याची तारीख टाकली आहे का, ते बघ. तारीख नसेल तर विमानात बसायच्या आधी टाकून घे, तिथून पाठपुरावा जड जाईल. मग पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट माग, ते हातात आलं की एक प्रत इथे पाठव, पेटीत ठेवतो.

आईने तुझी थंडीची शाल धुऊन वाळत घातली आहे.

तुझे,
बाबा