अडकित्ता माझ्याकडे आहे

आई, नाना,

परवा एसटीची घाई झाली आणि बोलायचं ते राहूनच गेलं. नाना फोनवर दोन वाक्यांच्या पुढे ऐकत नाहीत, म्हणून लिहिते. आई, मोठ्याने वाचून दाखव.

पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याला पांढरी भुकटी दिसली, मला वाटलं चुना. मग तळाशी अर्धी गोळी सापडली. नाना, मॉर्फिनची गोळी तुम्ही सुपारीसारखी कातरत होता! वर म्हणे, "अफूची आहे, अर्धीच बरी."

आहेच अफूची. तिकडे नीमच-मंदसोरला सरकारी परवान्यावर पिकते, आणि आईच्या अनारशांवरची खसखसही त्याच झाडाची. पण ही बारा तासांची गोळी म्हणजे ठिबक आहे. थेंबाथेंबाने सोडते. फोडली की पाट फुटल्यासारखं औषध एकदम अंगात जातं. म्हणून सकाळी मान टाकून गुंगी, आणि रात्री परत कंबर धरून बसणं. केळीला असं पाणी दिलं असतं का तुम्ही? तेव्हा गोळी अख्खी गिळायची, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दुखत असो नसो. मध्येच कळ आली तर लवकर लागू होणारी दुसरी गोळी आहे, तीही लिहून दिली तेवढीच.

सवय लागेल म्हणता. शरीराला होते, म्हणून एकदम बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. पण हाडातल्या कॅन्सरच्या दुखण्यावर वेळच्या वेळी गोळी घेणं म्हणजे व्यसन नव्हे. "माले काही व्हयनं नही" म्हणत दात आवळून बसल्याने कोणाचं भलं झालंय?

आता पोटाचं. मळमळ, झापड बहुतेकांची आठवडाभरात ओसरते, पण बद्धकोष्ठ गोळी चालू असेपर्यंत राहतं. पाच दिवस वाट बघून मग गोळीच बंद केलीत, ते उलटं झालं. सोनामुखीची गोळी रोज रात्री घ्यायची, पहिल्या दिवसापासून. इसबगोल नको. मॉर्फिनने आतडं मंदावतं, त्यात तुम्ही दिवसाला दोन तांबे पाणी पिणार. इसबगोल फुगून आतच अडकायचं. आणि क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीची, तपासणी चुकवू नका, मॉर्फिनचा निचरा किडनीतून होतो.

आई, हे तुझ्यासाठी. तुझी झोपेची गोळी नानांना चुकूनही देऊ नकोस, आणि काकांसोबतची ती संध्याकाळची "थोडीशी"ही बंद. हाक मारून, हलवूनही उठत नाहीत, श्वास फार सावकाश चाललाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, असं दिसलं तर मला फोन करत बसू नकोस. १०८ ला लाव. गोळ्या कपाटात कुलपात ठेव, पोरं येतात घरात.

अडकित्ता मी पिशवीत घालून आणला आहे. नाना, सुपारी आता आईकडून फोडून घ्या, खलबत्त्यात.

तुमची,
ताई