सौम्य? कोणी ठरवलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर माजी मंत्र्यांच्या आजारपणाची बातमी वाचली. 'पक्षाघाताचा सौम्य झटका, प्रकृती स्थिर, चिंतेचे कारण नाही, दोन दिवसांत पुन्हा प्रचारात.' सगळं स्वीय सहायकांच्या हवाल्याने. साहेब लवकर बरे होवोत. पण झटका सौम्य होता हे सहायकांना पहिल्याच दिवशी कसं कळलं, एवढं तरी तुमच्या वार्ताहराने विचारायचं होतं.

आमच्या घरीही असाच एक 'सौम्य' येऊन गेला. ह्यांच्या डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलंय. रुग्णालयात झटक्याला गुण देतात, ० ते ४२. जितके जास्त तितकं वाईट. ह्यांना ३ मिळाले. हात वर धरा, पाय उचला, दात दाखवा, महिना कोणता, वय किती. बहुतेक सगळं जमलं. पण जन्मभर बँकेत कॅशियर असलेला माणूस दूधवाल्याला किती परत द्यायचे म्हणून पाचशेची नोट धरून दारात उभा राहतो, हे त्या गुणांत कुठे धरतात? साखर हवी असली की 'मीठ दे' म्हणतात. चुकलंय हे कळतं, मग कप बाजूला सारून उठून जातात. भेटायला येणारा मात्र 'थोडक्यात निभावलं हो वहिनी, हातपाय तर चालतायत' म्हणत पोहे खाऊन जातो. एकाने कबुतराचं रक्त चोळायचाही सल्ला दिला. हातपाय चालतायत म्हटल्यावर चोळायचं कुठे, ते सांगितलं नाही.

खरा राग वेगळाच आहे. आदल्या रात्री जेवताना ह्यांची जीभ जड झाली, घास ओठाच्या कडेने बाहेर आला. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, 'ओसरलंय ना? सौम्य दिसतंय, सकाळी आणा.' सकाळी उठले तेव्हा तोंड वाकडं आणि शब्दाला शब्द जुळत नव्हता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन. झोपेत झटका कधी आला, कोण सांगणार? इंजेक्शन राहिलं ते राहिलंच. असा आपोआप ओसरलेला झटका आला की पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, हे मला न्यूरॉलॉजिस्टनी नंतर सांगितलं.

तुमच्या आरोग्य पुरवणीत दर २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिनी, 'एक मिनिटही दवडू नका' असा लेख येतो. पहिल्या पानावरची मंडळी ती पुरवणी वाचत नसावीत. झटका सौम्य की कसा ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या, आणि जमलं तर तीन महिन्यांनी पुन्हा चौकशी करा. साहेब भाषण न अडखळता करतात का, तेही छापा.

जाता जाता आणखी एक. स्पीच थेरपिस्टनी ह्यांना रोज शब्दकोडं सोडवायला सांगितलंय आणि तुम्ही नेमकं तेच जाहिरातीसाठी आकसवलंय. चौकोनात 'क्ष' मावत नाही. परवा तर उत्तरंही भलत्याच कोड्याची छापली होती. हे अर्धा तास स्वतःलाच दोष देत बसले.

एक वाचक, सातारा