साडेपाचची शिट्टी आणि संधिवाताची मुलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात परवा उन्हाळी शिबिरांची पानभर माहिती आली, बघून बरं वाटलं. पोहणं आहे, नाटक आहे, रोबोटिक्स आहे, ट्रेकिंग आहे, संस्कार शिबिर तर गल्लोगल्ली. पण माझ्या मुलीला झेपेल असं त्यात काही दिसलं नाही, आणि ती काही अंथरुणाला खिळलेली वगैरे नाहीये बरं का, सातवीत आहे, सायकल चालवते, भावाशी भांडते, मोबाईलसाठी रुसते. तिला संधिवात आहे. हो, लहान मुलांना होतो. पुढचा प्रश्न "अगं पण एवढ्याशा पोरीला कसा?" हाच असतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

याला डॉक्टर जेआयए म्हणतात, ज्युवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. वयाच्या 16 च्या आत सुरू झालेली आणि निदान 6 आठवडे टिकलेली सांध्यांची सूज, जिचं दुसरं कारण सापडत नाही, ती ही. आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते. वांगं खाऊन होत नाही, दही-चिंचेनं होत नाही, गार फरशीवर झोपल्यानं होत नाही, आणि आईनं बाळंतपणात नीट शेक घेतला नाही म्हणून तर नाहीच नाही (हे मला तोंडावर ऐकवणारी माणसं आहेत, अजून येतात, चहा पिऊन जातात). हजार मुलांमागे साधारण एक असं ढोबळ प्रमाण सांगतात, म्हणजे मोठ्या शाळेत एखादं-दोन पोरं असणारच, फक्त कुणी बोलत नाही.

आता शिबिराशी याचा संबंध काय, तर सकाळ. या आजाराची सगळ्यात वाईट खोड म्हणजे सकाळ. रात्रभर सांधे आखडतात, उठल्यावर तासभर, कधी दोन तास गुडघे आणि मनगटं वळतच नाहीत. आमची उठली की आधी पलंगाच्या कडेला बसून राहते, मग जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर ठेवून, पाण्याच्या बाटलीचं झाकण माझ्यासमोर धरते, बोलत नाही काही, मी फिरवून देते. गरम पाण्याची अंघोळ झाली की अर्धी मोकळी होते. आणि अकरा वाजता हीच मुलगी गॅलरीत लंगडी खेळताना दिसते! शाळेत याचीच पंचाईत होते, पहिल्या तासाला पीटीच्या सरांना सांगायचं पाय दुखतोय आणि मधल्या सुट्टीत पळायचं, मग सर म्हणतात नाटकं करते. सरांना तरी काय बोलणार, बघणाऱ्याला तसंच वाटणार.

आणि आपली शिबिरं? पहाटे साडेपाचला शिट्टी. गार पाण्यानं तोंड धुवा, मैदानात रांगेत या, सूर्यनमस्कार, मग पळत चक्कर, आमच्या साताऱ्यात तर सहाला अजिंक्यतारा किल्ला चढायचा. म्हणजे दिवसातला जो वेळ या मुलांसाठी सगळ्यात वाईट, त्याच वेळात सगळा दम काढायचा. दुपारी, जेव्हा ही पोरं मस्त चालतात, तेव्हा सक्तीची झोप. त्याच्या पुढचं म्हणजे पंगतीत मांडी घालून जेवायचं, आणि संडास सगळे खाली बसायचे. उकिडवं बसणं म्हणजे सुजलेल्या गुडघ्याला काय असतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. नातेवाइकांच्या लग्नात जाताना सुद्धा मी आधी फोन करून विचारते कार्यालयात कमोड आहे का, लोक हसतात, हसू देत.

गेल्या वर्षी एका शिबिरात आम्ही फॉर्म भरला. "काही आजार आहे का" या रकान्यात खरं लिहिलं. फोन आला, मॅडम गोड बोलल्या, म्हणाल्या तुम्ही लिहून द्या की काही झालं तर जबाबदारी आमची नाही, नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू. लिहूनही दिलं असतं, पण औषधाचं काय करायचं ते विचारलं तर फोन ठेवायची घाई. मुलं तिथं येऊन पडली धडपडली तर यांना चालतं, पण आजाराचं नाव वाचलं की घाबरतात.

औषधांचं सांगते, कारण खरी अडचण तिथंच असते. या आजारात बऱ्याचदा देतात ते मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं, हे शिबिरातल्या काकांना कोण समजावणार? आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन, म्हणून रविवार मळमळीचा. ते औषध पिवळं असतं आणि या मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढे पुढे नुसता तो रंग बघूनच उलटी येते. मे महिन्यात आख्खं घर आमरस ओरपतं आणि माझी पोरगी ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. पाहुणे म्हणतात आंबा आवडत नाही म्हणजे काय! काही मुलांना बायोलॉजिक इंजेक्शनं असतात, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं, ती 2 ते 8 डिग्रीत ठेवावी लागतात, म्हणजे एसटीतनं जाताना मांडीवर बर्फाचा डबा. या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असते, त्यामुळे बाजूच्या पलंगावरच्या पोराला कांजिण्या निघाल्या तर कुणाला फोन करायचा हे माहीत असणारं माणूस तिथं लागतं. डोळ्यांचं आणखी वेगळंच, आतून सूज येते, लाल होत नाही, दुखत नाही, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या सूक्ष्मदर्शकावर, तपासल्याशिवाय कळतच नाही, म्हणून दर काही महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चक्कर.

पण हेही लिहिलं पाहिजे की औषधांमुळेच आज ही मुलं पळतात. पूर्वी संधिवाताच्या मुलाला झोपवून ठेवायचे, हलू नकोस म्हणायचे, आता डॉक्टर स्वतः सांगतात पोहू दे, सायकल चालवू दे, स्नायू भक्कम झाले तर सांध्यावरचा भार कमी होतो. अमेरिकेत 1999 साली एटॅनरसेप्ट हे बायोलॉजिक मुलांसाठी मंजूर झालं आणि चित्रच पालटलं, आपल्याकडे 2014 च्या शेवटी अडालिमुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकचं भारतातच बनलेलं स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, आलं, जगातलं पहिलं. स्वस्त म्हणजे त्यातल्या त्यात हो, आमच्यासारख्यांना अजून ते डोईजडच. सांगायचा मुद्दा हा की औषधं कुठल्या कुठं गेली आणि शिबिरांचं वेळापत्रक आहे तिथंच.

माझी जाऊ लॉस एंजेलिसला असते, तिच्या शेजारच्या मुलाला हाच आजार. तो उन्हाळ्यात द पेंटेड टर्टल नावाच्या कॅम्पला जातो, लेक ह्यूजेस म्हणून गाव आहे तिथं, शहराच्या उत्तरेला. पॉल न्यूमन हा नट माहीत असेल, त्यानं 1982 मध्ये सॅलड ड्रेसिंगची कंपनी काढली आणि नफा सगळा दानात. 1988 मध्ये कनेटिकटमध्ये आजारी मुलांसाठी पहिला कॅम्प काढला, पेंटेड टर्टल 2004 चा. एकेका आठवड्यात एकेका आजाराची मुलं असतात, एक आठवडा संधिवातवाल्यांचा. फी नाही. घोडे आहेत, तिरंदाजी आहे, तळ्यात होड्या आहेत, आणि डॉक्टर-नर्स चोवीस तास हजर, पण पोरांच्या डोक्यावर उभे नाहीत. जाऊ सांगत होती, तो मुलगा तिथून आला आणि आईला म्हणाला, यापुढे इंजेक्शन मी स्वतः घेणार, तिथं माझ्याहून लहान पोरगा घेत होता. वर्षभर ती बिचारी आई आणि नर्स जे समजावत होत्या ते एका पोरानं करून दाखवलं.

मला नेमकं हेच पाहिजे आहे. घोडे नसले तरी चालतील.

माझ्या मुलीनं तिच्यासारखं दुसरं मूल फक्त डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बघितलंय, तेही दोघं आपापल्या आईच्या मोबाईलमध्ये डोकं घालून. पालक मेळावे होतात, मी गेलेय, डॉक्टर मनापासून बोलतात, पण असतं ते हॉलमध्ये, स्क्रीनवर तक्ते, आम्ही पुढे बसून वहीत लिहितो आणि पोरं मागच्या खुर्च्यांवर वेफर्स खात कंटाळतात. तीन रात्री एकत्र राहणं ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे टाइप 1 डायबेटिसच्या मुलांची निवासी शिबिरं होतात, इन्सुलिन, साखर तपासणं, रात्री कुणाची साखर उतरली तर काय, हे सगळं सांभाळून होतात. ते जमतं तर हे का जमू नये?

जागा तर आमच्या उशाला आहे. पाचगणी. टेबललँडच्या सपाट पठारावर चढ-उतार नाही, हवा गार, मे महिन्यातसुद्धा दुपारी पोरं बाहेर राहू शकतात. सुट्टीत रिकामी पडलेली निवासी शाळांची वसतिगृहं आहेत. आठला उठवायचं, आधी गरम पाणी, मग स्ट्रेचिंग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, नाश्ता निवांत टेबल-खुर्चीवर, आणि खरी धमाल दहानंतर. कुणाला खालचाच पलंग लागेल, कुणाला जाड मुठीचा ब्रश किंवा चमचा, एक चांगला फ्रीज लागेल, एक बालसंधिवात तज्ज्ञ नाहीतर निदान तयार झालेला रेसिडेंट डॉक्टर, दोन नर्स. पुण्या-मुंबईत असे तज्ज्ञ आहेत, थोडे आहेत, ओपीडीत श्वास घ्यायला वेळ नसतो हे मी बघते, तरी वर्षातले तीन दिवस मागायला मला लाज वाटत नाही.

मोठ्या मुलांचं, म्हणजे तेरा ते सतरावाल्यांचं, वेगळं ठेवा. त्यांचे प्रश्न आईसमोर निघत नाहीत. स्टेरॉइडनं चेहरा गोल झाला, वर्गात कुणी काय नाव पाडलं, बारीक चणीमुळे नववीतली पोरगी पाचवीतली वाटते, दहावीच्या पेपरात तिसऱ्या पानावर बोटं आखडली तर काय. यातल्या शेवटच्यावर तरी उत्तर आहे, तासाला 20 मिनिटं जादा किंवा लेखनिक, आणि 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की लिहायला अडचण असेल तर लेखनिकासाठी 40 टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही. किती मुख्याध्यापकांना हे माहीत आहे? पोरांना एकमेकांकडून कळेल ते लवकर कळेल. आणि तिथं दादा-ताई म्हणून अशी माणसं बोलवा ज्यांना सहाव्या-सातव्या वर्षी हा आजार झाला आणि आज नोकरी करतायत, गाडी चालवतायत. माझ्या दहा लेक्चरपेक्षा अशा एका ताईनं स्कूटीवरून उतरून दाखवलेलं जास्त चालेल.

एक गोष्ट मात्र कडक पाळावी लागेल, फोटो नकोत. फेसबुकवर नाही, बॅनरवर नाही, देणगीदाराच्या सत्कारात मुलांना रांगेत उभं करून तर मुळीच नाही. कारण मुलींच्या घरात अजून हेच चालतं की "कुणाला कळू देऊ नका, उद्या लग्नाचं बघायचंय". पोर सातवीत आहे आणि लग्नाची काळजी! मला हे पटत नाही, मी माझ्या मुलीचं लपवत नाही, पण जे लपवतात त्यांच्या मुलींनाच या शिबिराची सगळ्यात जास्त गरज आहे, तेव्हा त्यांना यायला भीती वाटू नये एवढं तरी करूया.

काही लोक म्हणतील वेगळं शिबिर कशाला, सगळ्यांबरोबरच घ्या की. घ्या ना! तेही घ्याच. नेहमीच्या शिबिरांनी उशिरा येण्याची मुभा दिली, एक कमोड ठेवला आणि औषध काय-कधी हे आईकडून नीट लिहून घेतलं तर निम्मी मुलं आजही जातील. आपण यादी छापताना शिबिरवाल्यांना एवढं विचारून छापलंत तर आमचे कितीतरी फोन वाचतील. पण वर्षातले 362 दिवस हे मूल वर्गात, सोसायटीत, नातेवाइकांत एकटंच संधिवाताचं असतं, उरलेले तीन दिवस त्याला चारचौघांसारखं असू द्या, जिथं सकाळी सगळेच लंगडतात आणि कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही.

पैशाचं म्हणाल तर कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, आहे, रोटरी-लायन्स आहेत, आणि आम्ही पालकही काही मागे हटणार नाही. मी चार जणींशी बोलले, सातारा-कोल्हापूर-सांगलीकडच्या, ओपीडीतच ओळख झाली. स्वयंपाक आम्ही करू म्हणाल्या, तीन दिवस, नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. आयोजकांनी आम्हाला फक्त स्वयंपाकघराच्या बाहेर येऊ देऊ नये, नाहीतर आम्ही पाण्याच्या बाटल्यांची झाकणं उघडून द्यायला धावणार.

कळावे,
आपली,
एक पालक, सातारा