ओव्हरच्या वहीत एक ओळ बोलण्याचीही हवी

महोदय,

रुग्णालयात नातेवाईक आणि परिचारिका यांच्यात वाद झाल्याच्या बातम्या आपल्या पत्रात अधूनमधून येतात आणि पाठोपाठ ‘परिचारिकांना गोड बोलायला शिकवा’ असा सल्लाही येतो. मी निवृत्त परिसेविका (वॉर्ड सिस्टर) आहे. गोड बोलण्याने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, कारण माझ्या हातून झालेली एक चूक मी अगदी गोड बोलूनच केली होती.

नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला असताना, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका आजोबांना मी ‘बाबा, रात्री बारानंतर काही खायचं नाही हं, समजलं ना?’ असे सांगितले आणि त्यांनी मान डोलावली. सकाळी सुनेने थर्मासमधून आणलेला दुधाचा चहा ते प्यायले, भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडले. ‘खाल्लंय कुठं सिस्टर, नुसता चहा घेतला,’ ते म्हणाले. केसपेपरवर ‘उपाशी राहण्याची सूचना दिली’ अशी माझी सही होती आणि कागदोपत्री ती खोटी नव्हती.

तेव्हा मला विद्यार्थिदशेतली वही आठवली. ठाण्यात 1901 पासून चालत आलेल्या मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ लिहावे लागते. रुग्ण काय बोलला, मी काय बोलले, कुठे गप्प बसले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे सगळे शब्दशः. परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हाच शुश्रूषेचा गाभा, हे अमेरिकी परिचारिका हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी 1952 मध्ये मांडले. ही वही त्याच विचाराची. आपल्याकडे मात्र ती मार्कांपुरती लिहिली जाते (आम्ही होस्टेलवर एकमेकींची उतरवून काढत असू) आणि पोस्टिंग संपली की माळ्यावर जाते, जणू सर्जिकल वॉर्डातला रुग्ण बोलतच नाही.

ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहॅम गिब्स यांनी 1988 मध्ये अशा चिंतनाच्या, म्हणजे आपल्याच अनुभवाकडे मागे वळून पाहण्याच्या, सहा पायऱ्या सांगितल्या: काय घडले, काय वाटले, बरे-वाईट काय, का घडले, वेगळे काय करता आले असते, पुढे काय करणार. आजोबांचा प्रसंग मी तसा लिहून काढला. दुसऱ्याच पायरीवर कबूल करावे लागले की मी ओरडले ती रागाने नव्हे, तर इनचार्ज बोलतील या भीतीने. चौथ्या पायरीवर लेखणी अडली. आपल्या घरांत चहा म्हणजे खाणे नव्हे आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते. मग ‘खायचं नाही’ या शब्दांतून त्यांना नेमके काय कळायला हवे होते? त्यानंतर ‘समजलं ना?’ विचारणे मी सोडले आणि ‘उद्या उठल्यापासून काय काय करणार ते मला सांगा’ असे म्हणू लागले. उत्तरांत मशेरी निघाली, तंबाखू निघाली, देवळातले तीर्थही निघाले.

पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सोपवण्याच्या, म्हणजे ओव्हरच्या, वहीत सलाईन, औषधे, लघवीचे माप सारे उतरते. रुग्णाला काय सांगितले आणि त्याने ते कसे सांगून दाखवले, हे उतरत नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत ही एक ओळ सुरू करावी आणि आठवड्यातून एकदा, ड्यूटीच्या वेळेतच, अशा एखाद्या प्रसंगावर सिस्टरांना एकत्र बसू द्यावे. ब्रिटनमध्ये 2016 पासून नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिचारिकांना तीन वर्षांत अशा पाच चिंतनपर नोंदी लिहून त्यांवर सहव्यावसायिकाशी चर्चा करावी लागते आणि त्यांत रुग्णाची ओळख उघड करता येत नाही. रात्री चाळीस खाटा एकटीने सांभाळणारी सिस्टर ‘लिहायला वेळ कुठे आहे?’ असे विचारेल, आणि तिचे खरे आहे. रिकामी पदे भरल्याशिवाय ही बैठक कागदावरच राहील. मात्र या नोंदी सिस्टरांच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या गोपनीय अहवालाला जोडू नयेत, नाहीतर प्रत्येक वहीत ‘रुग्णास समजावून सांगितले’ एवढेच वाचायला मिळेल.

– एक निवृत्त परिसेविका, ऐरोली