डिकीत सासूबाईंची व्हीलचेअर मावत नाही : हायब्रिड एसयूव्हीबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : शोरूममध्ये दाखवलेल्या गाडीपेक्षा लहान डिकीची हायब्रिड गाडी दिल्याबाबत

महोदय,

आपल्या अधिकृत विक्रेत्याच्या साताऱ्यातील शोरूममधून मी यंदा गुढीपाडव्याला आपली स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबरच मोठ्या बॅटरीच्या विजेवरही चालणारी) एसयूव्ही घेतली. गाडी माझ्या नावावर आहे. विक्रेत्याकडे तोंडी सांगून झाले, लेखी देऊन झाले. त्यांनी हात वर केले म्हणून आता थेट आपल्याला लिहिते आहे.

सासूबाई व्हीलचेअरवर असतात आणि उपचारांसाठी त्यांना नेहमी पुण्याला न्यावे लागते. मी, माझे पती, मुलगी, सासूबाई आणि त्यांना उचलायला एक मदतनीस अशी पाच माणसे आणि घडी केलेली खुर्ची, एवढे ज्या गाडीत बसेल ती आम्हाला हवी होती. हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले. नुसते सांगितले नाही, खुर्ची बरोबर नेली होती. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत आपल्याच विक्री प्रतिनिधीने ती स्वतःच्या हाताने आडवी ठेवून, दार लावून दाखवली. ‘हायब्रिडसुद्धा अगदी हीच गाडी, फरक फक्त बॉनेटखाली,’ असे तो म्हणाला. नंतर व्हॉट्सॲपवर विचारले तेव्हाही ‘बूट स्पेस सेम आहे मॅडम’ असे उत्तर आले. तो मेसेज सोबत जोडला आहे.

गाडी घरी आली आणि फरक कुठे आहे ते कळले. शोरूममधली गाडी साध्या पेट्रोलची होती. हायब्रिडची मोठी बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी बसवलेली आहे. त्यामुळे मागच्या सीटला लागून उंचवटा आला आहे आणि तळ सपाट राहिलेला नाही. खुर्ची तिरकी बसते, तिचे हँडल मागच्या काचेला टेकते आणि दार लागत नाही. मागची एक सीट पाडली तर खुर्ची जाते, पण मग मदतनीस कुठे बसणार? ट्रायलला आम्ही हायब्रिडच चालवली होती, हे विक्रेता आता वारंवार ऐकवतो. त्या ट्रायल गाडीची डिकी त्यांच्याच खोक्यांनी आणि जाहिरातीच्या फलकांनी भरलेली होती. ती रिकामी करून दाखवा म्हटल्यावर ‘ती शोरूममधली बघितलीत ना, तीच’ असे उत्तर मिळाले होते.

आपल्या माहितीपत्रकात डिकीची क्षमता लिटरमध्ये छापली आहे. आकडा एकच आहे, कोणत्या मॉडेलचा ते लिहिलेले नाही. विक्रेता शेवटच्या पानावरच्या बारीक ओळीकडे बोट दाखवतो : ‘वैशिष्ट्ये व्हेरिअंटनुसार बदलू शकतात.’ सनरूफ असणे-नसणे, सीटचा कपडा वेगळा असणे हे वैशिष्ट्यात येईल. बॅटरीने खाल्लेली जागा कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तिचा वेगळा आकडा छापायला एक ओळ पुरली असती.

गाडी चालण्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, हेही नोंदवते. वारज्याच्या नाहीतर चांदणी चौकाच्या गर्दीत ती बराच वेळ इंजिन बंद ठेवून विजेवर सरकते, आणि परतताना खंबाटकीच्या उतारावर ब्रेकबरोबर बॅटरी भरताना दिसते. महामार्गावर इंजिनच जास्त काम करते, त्यामुळे तिथे फायदा कमी, हे मला आधीच ठाऊक होते. मायलेज ही माझी तक्रार नाही. ज्या कामासाठी गाडी घेतली ते काम तिच्याने होत नाही, ही तक्रार आहे.

आणखी एक. ‘हायब्रिडला आरटीओचा टॅक्स माफ आहे’ असे सांगून आम्हाला साध्या पेट्रोलवरून या मॉडेलकडे वळवले. जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला तो उत्तर प्रदेशाने. महाराष्ट्रात करमाफी विजेवरच्या गाड्यांना आहे. आमच्याकडून पेट्रोल गाडीच्याच दराने, १० ते २० लाखांच्या टप्प्यातला १२ टक्के कर घेतला गेला. जीएसटीतही चार मीटरहून लांब हायब्रिडला वेगळी सवलत नाही, ४० टक्केच. म्हणजे मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजले आणि त्या जास्तीच्या पैशांवर करही भरला. ‘विमा बाहेरून घेतलात तर डिलिव्हरी लांबेल’ ही धमकी आणि पावतीवरचे हँडलिंग चार्जेस यांविषयी वेगळे लिहिणार आहे, इथे विषय भरकटायला नको.

विक्रेत्याने दोन उपाय सुचवले. पहिला, टपावर कॅरिअर बसवून घ्या, तोही आमच्या खर्चाने. रुग्णालयाच्या दारात, मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असताना ती जड खुर्ची टपावर चढवून बांधायची कुणी, हे त्यांनी सांगितले नाही. दुसरा, गाडी एक्सचेंजमध्ये द्या आणि पेट्रोल मॉडेल घ्या. त्यासाठी सांगितलेली किंमत जुन्या गाडीची आहे. नोंदणी झाली की गाडी सेकंड हँड, असे त्यांचे म्हणणे. चुकीची माहिती त्यांनी द्यायची आणि घसारा आम्ही सोसायचा, हे मला मान्य नाही.

माझी मागणी अशी : ही गाडी पूर्ण बीजक किमतीला परत घेऊन शोरूममध्ये दाखवलेले पेट्रोल मॉडेल द्यावे, किमतीतला फरक परत करावा, आणि नव्या नोंदणीचा कर व विमा विक्रेत्याने भरावा. ते शक्य नसेल तर गाडीची पूर्ण ऑन-रोड रक्कम परत करावी. माहितीपत्रकात दोन्ही मॉडेलच्या डिकीचे आकडे वेगवेगळे छापावेत, हे मात्र दोन्ही परिस्थितीत करावेच लागेल. व्हीलचेअर, बाबागाडी किंवा वॉकर घेऊन येणारे आम्ही काही एकटेच नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहते त्या जिल्ह्यातच दाद मागता येते, त्यामुळे आपल्या मुख्य कार्यालयाचे अंतर मला अडचणीचे नाही. दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींच्या व्याख्या त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये आहेत. आपल्या विधी विभागाने त्या एकदा माहितीपत्रकाशेजारी ठेवून वाचाव्यात.

उत्तर पत्राने किंवा ईमेलने द्यावे. फोनवर दिलेली आश्वासने आता पुरे झाली.

आपली,
(स्वाक्षरी)
सातारा

सोबत : बीजक व कर पावतीची प्रत, व्हॉट्सॲप संभाषणाची प्रत, माहितीपत्रकाचे संबंधित पान, डिकीत ठेवलेल्या खुर्चीची छायाचित्रे (शोरूममधील गाडी आणि आमची गाडी), विक्रेत्याला दिलेल्या तक्रारीची पोच.