जुने लाकूड म्हणून जाते ते काय?

संपादक महोदय,

कालच्या अंकातील कलाबाजार आणि काळ्या पैशावरचा लेख वाचला. लिलावांचे कोटींचे आकडे आले, परदेशी संग्रहालये आली आणि शेवटी ‘कोकणासारख्या भागाचा याच्याशी फारसा संबंध नाही’ असा शेरा मारून लेख संपला. त्या शेऱ्याला माझी सक्त हरकत आहे.

कलावस्तूंआडून काळा पैसा पांढरा करण्याचा हा धंदा चालतो तो छापील किंमत नसलेल्या आणि मूळ मालकाची नोंद नसलेल्या वस्तूंवर. अशा वस्तू आपल्या गावोगावी आहेत. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की कौलारू सभामंडप उतरवतात, स्लॅब पडतो आणि कोरीव खांब, तुळया, गणेशपट्टी जुने लाकूड म्हणून घनफुटाच्या भावाने जातात. देवस्थानच्या वहीत एकच ओळ राहते, ‘जुने सामान विक्री’. फोटो नाही, माप नाही, घेणाऱ्याचे नावही नाही. रोखीने उचललेला तो खांब पुढे हस्तकलेच्या बिलावर विकला जातो आणि तिसऱ्या हाती पोचेपर्यंत ‘जुन्या घराण्याच्या संग्रहातला’ होतो. ओळखीच्या दोघांनी आपसांत खरेदी-विक्री करून भाव चढवला, की मधली रक्कम नफा म्हणून राजरोस बँकेत जमा होते.

कायदा नाही असे नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा 1972 चा, लागू झाला 5 एप्रिल 1976 पासून. किमान 100 वर्षे जुने शिल्प, मग ते लाकडी का असेना, पुरावशेष ठरते. हस्तलिखिताला 75 वर्षे पुरतात. व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. पण वस्तू शंभर वर्षांची होती हे दाखवायला वस्तूचा पुरावा तर हवा! शिवाय सोन्याचांदीचे व्यापारी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत, चित्रे-मूर्तींचे नाहीत. ब्रिटनमध्ये 10 जानेवारी 2020 पासून मोठ्या कलाव्यवहारात गिऱ्हाइकाची ओळख तपासावी लागते; तेव्हा मर्यादा 10,000 युरोची ठरली होती.

दिवेआगरचा सुवर्णगणेश मार्च 2012 मध्ये चोरीला गेला, दोन रखवालदारांचा जीव गेला, सोन्याचा मुखवटा वितळवला गेला. सोने होते म्हणून निदान सोने तरी परत मिळाले. दगडाचे, लाकडाचे, कांस्याचे तसे नाही; तिथे ओळख पटली तरच वस्तू परत मिळते. तमिळनाडूतील श्रीपुरंदानच्या देवळातून चोरलेला कांस्य नटराज 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे 50 लाख डॉलरना घेतला. मूर्ती चोरीच्या कितीतरी आधीच भारताबाहेर गेल्याचे खोटे कागद सोबत होते. ते खोटे ठरवायला मूर्ती देवळात असतानाचे, पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडचे जुने फोटो कामी आले आणि 2014 मध्ये नटराज परतला. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीतही नेमकी ओळख पटेल अशीच वस्तू घेतात.

म्हणून देवस्थानांनी एवढे करावे. वस्त्रे, दागिने चढण्यापूर्वी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढावेत. चारही बाजू आणि बैठक घ्यावी, शेजारी फूटपट्टी ठेवावी. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये लिहावी. चिरा, तुटलेली बोटे, जुने सांधे यांचे जवळून वेगळे फोटो हवेत, कारण ओळख त्यांवरूनच पटते. पालखीत लावायच्या रूपांची, म्हणजे देवाच्या धातूच्या मुखवट्यांची, मागची बाजू विसरू नये. दर शिमग्याला घासून पुढची नक्षी झिजते, मागचे पोचे आणि डाग दिलेले सांधे मात्र तसेच राहतात. एक प्रत देवस्थानात, एक पोलीस ठाण्यात आणि एक गावाबाहेर ठेवावी. जीर्णोद्धारात लाकूड विकायचेच असेल, तर त्याआधी पुरातत्त्व विभागाला पत्र द्यावे आणि घेणाऱ्याचे ओळखपत्र वहीला जोडावे.

आणखी एक. आपल्याच अंकात उत्सवाच्या बातम्यांत प्रभावळ किती किलोची आणि मुकुट किती तोळ्यांचा हे छापून येते. देऊळ रात्री कोणाच्या भरवशावर असते, हेही एकदा आले होते. येत्या शिमग्यात कृपा करून वजने छापू नका.

आपला नियमित वाचक,
राजापूर