सापडलं तरच पैसे, ही काय पद्धत झाली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०१४ मध्ये गायब झालेल्या एमएच ३७० या मलेशियन विमानाचा शोध ३० डिसेंबर २०२५ पासून परत सुरू होणार ही बातमी तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली होती, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं की बारा वर्षं होत आली, माणसं गेली ती गेली, आता समुद्रात पैसा कशाला ओतायचा. पत्र मनापासून लिहिलेलं होतं, टिंगल अजिबात नव्हती, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला होतो, आता रिटायर होऊन अलिबागला असतो. विमानातला एक्स्पर्ट वगैरे नाही, पण समुद्र केवढा असतो ते थोडंफार ठाऊक आहे.

आधी पैशाचंच बोलू. मलेशिया सरकारनं २०२५ च्या मार्चमध्ये ओशन इन्फिनिटी नावाच्या, समुद्राचा तळ शोधणाऱ्या खासगी कंपनीशी करार केला, त्यात विमान सापडलं तर सात कोटी डॉलर, नाही सापडलं तर एक दमडी नाही. आपल्या हिशोबात सहाशे कोटी रुपयांच्या आसपास. म्हणजे त्या वाचकांनी काळजी करू नये, आत्ता जे चाललंय त्यात कुठल्याच सरकारचा पैसा बुडत नाही. पण माझी तक्रार नेमकी हीच आहे. २३९ माणसं घेऊन निघालेलं एक बोइंग ७७७ गायब होतं आणि ते शोधायचं की नाही हे एका खासगी कंपनीला धंद्यात परवडतंय का त्यावर ठरतं, ही काय पद्धत झाली?

थोडं मागं जातो, कारण आता कॉलेजात असलेल्या पोरांना यातलं काही आठवणार नाही. ८ मार्च २०१४ ला मध्यरात्रीनंतर क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं विमान, पाऊण तास पण झाला नव्हता, व्हिएतनामच्या हद्दीशी पोचता पोचता रडारवरनं गेलं. सगळ्या जगानं दक्षिण चीन समुद्रात शोध सुरू केला आणि तिकडे मलेशियाच्या लष्करी रडारवर मात्र दिसलं होतं की विमान मागे फिरून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे गेलंय. हे जगाला नीट कळेपर्यंत पहिला आठवडा गेला. आपलं नेव्ही आणि कोस्ट गार्ड पण त्या वेळी अंदमानच्या समुद्रात शोधत होतं, तेही आता कुणाच्या लक्षात नाही.

पुढचा सुगावा लागला तो इन्मारसॅट या सॅटेलाइटवरनं संपर्क ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे. आम्हा जहाजवाल्यांना हे नाव घरच्यासारखं, कारण ती यंत्रणा मुळात जहाजांसाठीच काढलेली. सॅटेलाइट दर तासाला विमानाला विचारत होता की आहेस का, आणि विमानातला डबा आपोआप हो म्हणत होता. कुठे आहे ते सांगत नव्हता, फक्त आहे एवढंच. पण उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरनं सॅटेलाइटपासूनचं अंतर काढता आलं आणि फ्रिक्वेन्सीतल्या बारीक फरकावरनं दिशा. शेवटचा सिग्नल सकाळी ८.१९ चा, तो बहुतेक इंधन संपून वीज जाऊन परत आल्यावर त्या डब्यानं स्वतःहून पाठवलेला. म्हणजे विमान सात तासांहून जास्त हवेत होतं! त्यावरनं हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे एक लांबलचक वक्र रेषा आली, तिला सातवा आर्क म्हणतात, आणि आजपर्यंतचा सगळा शोध त्या रेषेच्या अलीकडे पलीकडे चाललाय.

इथे एक गोष्ट ऐकून माझ्यासारख्या मेंटेनन्समधल्या माणसाचं डोकंच फिरतं. ब्लॅक बॉक्सला पाण्यात आवाज करणारा जो बीकन असतो त्याची बॅटरी तेव्हा तीस दिवसांची असायची, आणि या विमानाच्या फ्लाइट डेटा रेकॉर्डरवरच्या बीकनच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ लाच संपलेली होती, म्हणजे अपघाताच्या आधी सव्वा वर्ष. बदलायची राहून गेली. आमच्याकडे लाइफबोटीतल्या एका फ्लेअरची तारीख उलटली तर इन्स्पेक्टर जहाज अडवून ठेवायचा.

बरं, आता शोध किती झाला. ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीन यांनी मिळून १ लाख २० हजार चौरस किलोमीटर तळ सोनारनं, म्हणजे आवाजाच्या लहरी सोडून, बघितला, सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर गेले, आणि १७ जानेवारी २०१७ ला काम थांबवलं. मग २०१८ मध्ये याच ओशन इन्फिनिटीनं आणखी १ लाख १२ हजार बघितलं. दोन्ही मिळून आपल्या महाराष्ट्राचा पाऊण भाग झाला, तोही सरासरी चार किलोमीटर पाण्याखाली आणि तळाला दऱ्याडोंगर. वर त्या भागात लाटा अशा की जहाजावर नीट उभं राहता येत नाही. सापडलं नाही, हे खरंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण थांबवलं कसं ते बघा. २०१६ च्या जुलैमध्ये तिन्ही देशांच्या मंत्र्यांनी ठरवून टाकलं की १ लाख २० हजार पुरे झाले की बंद, ठोस नवा पुरावा आला तरच पुढे. त्याच वर्षी डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की विमान बहुतेक या पट्ट्यात नाहीच, याच्या उत्तरेला २५ हजार चौरस किलोमीटर बघा. सरकारांचं म्हणणं पडलं की एवढी माहिती नेमकी नाही. महिन्याभरात जहाजं परत! नंतर २०१८ मध्ये तो उत्तरेचा पट्टा बघितला तिथेही मिळालं नाही, तेव्हा तज्ज्ञही चुकले असं म्हणता येईल, पण २०१७ ला हे कुणालाच माहीत नव्हतं आणि तरी शोध बंद केला, माझा आक्षेप त्याला आहे.

शोधून झालेल्या जागेबद्दल पण एक ऐका. एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं. तरंगणारे तुकडे आणि काही मृतदेह आठवड्याभरात मिळाले, पण मुख्य सांगाडा जवळजवळ दोन वर्षं मिळेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये जवळपास ३९०० मीटर खोल सापडला तो शेवटच्या ठाऊक असलेल्या जागेपासून फार लांब नाही, आणि २००९ मध्ये बीकनचा आवाज ऐकायला जहाजं जिथनं फिरून गेली होती त्याच भागात. आवाज आला नाही म्हणून तो भाग सोडून दिलेला. फ्रेंचांनी दोन वर्षांत चार वेळा शोध काढला म्हणून कळलं की वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानं बंद झाल्या आणि पायलट गोंधळले, आणि मग जगभर पायलटच्या ट्रेनिंगमध्ये बदल झाले. आज आपण ज्या विमानात बसतो त्याच्या पायलटला ते शिकवलेलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. हवाई दलाचं एएन ३२ विमान २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसं झालं. जहाजं, विमानं, पाणबुडी, सगळं लावलं, काही नाही. जवळजवळ साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखाली आपोआप चालणाऱ्या यानानं ३४०० मीटर खोल तळाचे फोटो काढले त्यात त्याचे अवशेष दिसले. सात वर्षांत समुद्र तोच होता, यंत्र सुधारलं.

त्या वाचकांचं म्हणणं होतं की सापडून माणसं थोडीच परत येणार. नाही येणार. पण कोकणात ज्यांच्या घरचा माणूस बोटीवरनं परत आला नाही त्यांना विचारा, कायदा सात वर्षांनी मेला असं धरायला परवानगी देतो, बँकेचं काम होतं, विम्याचं होतं, आणि आई तरी दाराशी चाहूल लागली की उठतेच. मलेशियानं २९ जानेवारी २०१५ ला सगळे मृत असं जाहीर करून टाकलं ते नुकसानभरपाईसाठी गरजेचं होतं, मान्य, पण त्याच्या आधी मार्च २०१४ मध्ये काही नातेवाइकांना ही बातमी एसएमएसनं कळवली होती तेव्हापासून त्यांचा कागदांवरचा विश्वास उडालाय. त्यांना दोष देववत नाही. त्या विमानात पाच भारतीय होते आणि त्यातले काही आपल्या मुंबई पुण्याकडचे, हे पण लक्षात असू द्या.

आणि नातेवाइकांचं सोडा, आपलं बोलू. मलेशियाचा २०१८ चा अहवाल ४९५ पानांचा आहे आणि त्यात शेवटी लिहिलंय की कारण ठरवता येत नाही, बाहेरच्या कुणाचा हात असण्याची शक्यताही सोडता येत नाही. ४९५ पानांनंतर! यूट्यूबवर मात्र सगळ्यांना कारण माहीत आहे. कॅप्टननंच केलं, अपहरण झालं, कुणीतरी पाडलं. त्या कॅप्टनला पण घर आहे, त्याच्या घरच्यांना पुराव्याशिवाय हे ऐकत ही बारा वर्षं काढावी लागली. अहमदाबादला जून २०२५ मध्ये एअर इंडियाचं विमान पडलं तर जमिनीवर असल्यामुळे ब्लॅक बॉक्स मिळाले आणि महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला, त्यावर वाद घालायला निदान कागद तरी हातात आहे. इथे हातात आहेत आफ्रिकेच्या किनाऱ्याला आणि बेटांना लागलेले काही तुकडे, त्यातला पहिला जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर मिळालेला पंखाचा भाग.

नियम बदलले नाहीत असं नाही. बीकनची बॅटरी आता नव्वद दिवसांची झाली, २०१८ पासून समुद्रावरच्या विमानाची जागा दर पंधरा मिनिटांनी कळायला हवी असा नियम आला. चांगलंच झालं. पण नियमानुसार खुल्या समुद्रातल्या अपघाताची चौकशी विमान ज्या देशात नोंदलेलं त्यानं करायची, आणि तळ शोधायचा खर्च कुणी करायचा यावर सगळे एकमेकांकडे बघतात. जगात वर्षाला चारशे कोटींहून जास्त विमान प्रवासी होतात. माणशी एक रुपया, फक्त एक रुपया, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या एखाद्या फंडात ठेवला तर दीड वर्षात ओशन इन्फिनिटीचं सगळं बिल निघतं. एअरपोर्टवर एक चहा दोनशे रुपयांना पिणारे आपण, तिकिटावरचा हा एक रुपया कुणाला दिसणार पण नाही. मग विमान श्रीमंत देशाचं होतं की गरीब देशाचं याला महत्त्व राहणार नाही आणि सापडलं तरच पैसे असला जुगारही खेळावा लागणार नाही.

३० डिसेंबर २०२५ पासून जो शोध ठरला तो १५ हजार चौरस किलोमीटरच्या नव्या पट्ट्यात, तुकड्या तुकड्यानं मिळून ५५ दिवस. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये हवामानामुळे थांबवावा लागला होता, तेव्हा याही वेळी समुद्र काय करेल सांगता येत नाही. सापडलं तर आनंदच. नाही सापडलं तर कंपनी परत येईलच याची गॅरंटी नाही, तोटा सोसून ती किती वेळा येणार, तेव्हा पुढची सोय आत्ताच व्हायला पाहिजे.

म्हणून तुमच्याकडे एक विनंती आहे. तुमच्या दिल्लीच्या प्रतिनिधींनी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला एवढं विचारावं की एएन ३२ शोधणारं ते सहा हजार मीटरपर्यंत जाणारं यान आपल्याकडे आहे तर या शोधात मदत देऊ करण्याचा विचार भारतानं केलाय का, आणि फंडाचा विषय भारत मांडणार आहे का. उत्तर हो असो की नाही, ते छापा. आणि जमलं तर पुढची बातमी चार ओळींपेक्षा जरा मोठी करा.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, अलिबाग